'कुंडी रिकामी नाही' : माझा अनुभव

आमच्या सोसायटीच्या परवानगी-अर्जात एक रकाना आहे, 'झाडाची उंची (फुटांत)'. गेल्या वर्षीचे माझे एप्रिल आणि मे त्या एका रकान्यात गेले. राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे माझ्या कुंड्यांतल्या कंदांच्या फुलांपेक्षा सोसायटीच जास्त येईल. ज्यांना फक्त कंदांशी मतलब आहे त्यांच्यासाठी आठवेल तसं मधूनमधून सांगत जाईन.

मे फ्लॉवरचे (मे महिन्यात लाल चेंडूसारखं फुलतं ते) कंद आले ते वाईहून, वहिनीकडून. तिच्या परसात त्याचं बेट माजलं होतं. तिने सहा कंद खणून तांदळाच्या पिशवीत घातले आणि बजावलं, "कांद्याच्या टोपलीत ठेवू नका हं वन्सं, फोडणीला जातील." ही चेष्टा नव्हती. अमरिलिस काय, मे फ्लॉवर काय, दिसायला थेट कांदा, आणि पोटात गेला तर उलट्या. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर हे कंद उघड्यावर ठेवूच नका.

निशिगंध मी नर्सरीतून आणला. नर्सरीवाले शेंगदाण्याएवढे कंद स्वस्तात गळ्यात मारतात. त्यांना पहिलं वर्ष नुसती पात येते आणि आपण खतात पैसे घालत बसतो. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा, दाबल्यावर टणक लागणारा कंद निवडून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये लावला की साधारण तीन महिन्यांनी काडी येते. डबल (जास्त पाकळ्यांचा) दिसायला भरगच्च, पण वास हवा असेल तर सिंगलच. तिसरी रेन लिली, गुलाबी. ती मी विकत घेतलेली नाही, आमच्या इथे ती हातोहात फिरत असते.

लावण्यात काही कठीण नाही. माती, गांडूळखत, मूठभर वाळू, थोडी निंबोळी पेंड, आणि तळाला भोक मोकळं. कंद कुजतो तो पाण्याने, उपासाने मरत नाही. असं सगळं मिळून गच्चीवर माझ्या अकरा कुंड्या झाल्या : मे फ्लॉवरच्या सहा, निशिगंधाच्या तीन, रेन लिलीच्या दोन.

पहिल्या वर्षी मे फ्लॉवरने जे केलं त्याने मी पुरती नादी लागले. एप्रिलच्या शेवटी एका कुंडीतल्या कोरड्या मातीला तडा गेला. दुसऱ्या दिवशी तड्यातून बोटाच्या पेराएवढं लालसर टोक. त्याचा जाड देठ झाला, देठावर मुळाकडे जांभळट ठिपके, आणि आठवडाभरात वरची कळी उकलून शे-दीडशे बारीक फुलांचा लाल गोळा. पान एक नाही. नुसता देठ आणि त्यावर चेंडू. मी सकाळचा चहा गच्चीवर न्यायला लागले. पानं मागून सावकाश आली, पाऊसभर राहिली आणि नोव्हेंबरात पिवळी पडली. (पानं हिरवी आहेत तोवर कापू नका. पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी तीच कंदात भरत असतात.) मग मी पाणी तोडलं. निशिगंधाची पात वाळली, रेन लिलीचीही वाळली. अकराही कुंड्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सरकवल्या आणि झोपू दिल्या.

इथेच घात झाला. झोपलेल्या कंदाची कुंडी आणि रिकामी कुंडी यांत बघणाऱ्याला काहीही फरक दिसत नाही.

मार्चमध्ये फलकावर नोटीस लागली. वॉटरप्रूफिंगचं काम निघालं आहे, सबब सभासदांनी गच्चीवरील भंगार व रिकाम्या कुंड्या 20 मार्चपर्यंत हलवाव्यात. मी ती वाचली. दोनदा वाचली. माझ्या कुंड्या रिकाम्या नाहीत, म्हणजे हे मला नाही, असं म्हणून भाजीला गेले. ही चूक माझीच. गच्ची सामाईक, काम गरजेचं, तेव्हा नियमावर बोट ठेवायला मला जागा नव्हती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर गेले तर टाकीचा आडोसा लख्ख झाडलेला. कुंड्या खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये, मोडका पंखा आणि पत्र्याच्या पिंपामागे.

उचलून घरी आणाव्यात, तर घरी ऊन नाही. बाल्कनी आम्ही केव्हाच बंद करून खोलीत घेतली आहे, उरली ती खिडकीबाहेरची ग्रिल. ग्रिलमध्ये कुंड्या ठेवायला कमिटीची परवानगी लागते. शिवाय या अकरा नगांची नोंद भंगाराच्या वहीत झालेली होती आणि वहीत चढलेला नग कमिटीच्या सहीशिवाय उतरत नाही. सोसायटीचं ऑफिस उघडतं मंगळवारी आणि शनिवारी, संध्याकाळी सात ते साडेआठ. मॅनेजर यायचे साडेसातला.

पहिल्या मंगळवारी अर्ज मिळाला. नाव, फ्लॅट नंबर, झाडाचं नाव, संख्या, उंची, फोटो. उंचीच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.

"ताई, रकाना रिकामा चालत नाही. कॉम्प्युटर पुढे जात नाही."

मी शून्य लिहिलं.

ते बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिले. "शून्य म्हणजे झाडच नाही. झाड नाही तर परवानगी कशाची द्यायची? रिकामी कुंडी ग्रिलमध्ये ठेवायची तरतूदच नाहीये."

"रिकामी नाहीये हो. आत कंद आहे. झोपलाय."

'झोपलाय' म्हटलं तिथेच मी हरले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. शनिवारी गेले ते उंची दीड फूट लिहून. आता फोटो हवा. पार्किंगमध्ये जाऊन काढला, फोटोत माती. आदल्या मे महिन्यातला फुलाचा फोटो जोडला, तर तो जुना, सध्याच्या स्थितीचा हवा. सध्याची स्थिती म्हणजे पुन्हा माती. भोज्याला शिवून परत, असे एप्रिलचे तीन आठवडे गेले. घरून सल्ला आला की नवे आण की कंद, केवढ्याचे येतात! केवढ्याचे हा प्रश्नच नव्हता. कुंडी रिकामी नाही, एवढं मला कोणाकडून तरी लेखी हवं होतं. हट्ट म्हणा.

चौथ्या खेपेला मी एका कुंडीत बोटं घालून मे फ्लॉवरचा एक कंद उकरला आणि स्टीलच्या डब्यातून ऑफिसात नेला. मध्यम कांद्याएवढा, वरची साल कागदासारखी कोरडी, खाली शेवयांपेक्षा जाड पांढरी मुळं, आणि शेंड्याला नखाएवढं लालसर टोक. कंद जागा व्हायला लागला होता. मी ते टोक त्यांना दाखवलं. त्यांनी डबा उचलून वास घेतला.

"कांदाच आहे हा. गच्चीवर कांदे लावलेत तुम्ही?"

सेक्रेटरी काका तिथेच बसले होते. बँकेतून निवृत्त, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे भांडताही येत नाही. ते मूळचे रत्नागिरीचे हे मला माहीत होतं. मी विचारलं, "काका, मे महिन्यात तुमच्याकडच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, काय दिसतं?"

"काय दिसणार, जांभा. आणि ऊन."

"आणि पाऊस धरल्यावर?"

त्यावर मात्र ते खुलले. गवत, बारीक फुलं, कुठे पांढरी दीपकाडी. मग ती दीपकाडी कोण दर वर्षी जाऊन लावतं का, असं मी विचारलं. तीही कंदातूनच येते. बाकीचे महिने कातळावरच्या चिमूटभर मातीत पडून असते, म्हणून कोणी सड्याला भंगार म्हणत नाही. काका हसले, म्हणाले मुद्दा योग्य आहे. पण विषय कमिटीपुढे ठेवावा लागेल. कमिटी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. त्या रविवारी कोरम भरला नाही, निम्मे लोक सुट्टीला गावी. 'तत्त्वतः हरकत नाही' असं काका जिन्यात भेटले की म्हणत. तत्त्वतः हरकत नसलेल्या कुंड्या पार्किंगमध्येच राहिल्या.

आणि मे तर लागलाच होता. कंदाला नोटीस कळत नाही. एका सकाळी वॉचमन मामांनी बेल वाजवली. "ताई, तुमच्या त्या मातीतून काहीतरी निघालंय." खाली गेले तर पंख्यामागच्या कुंडीत देठ वर आलेला, रंगाने फिका, रॅम्पकडून येणाऱ्या उजेडाकडे मान वाकडी केलेला. चार दिवसांत त्याचा गोळा उमलला. लाल नव्हे, उडालेला केशरी. जाणारे-येणारे थांबून फोटो काढत होते. मीही काढला, प्रिंट घेतली आणि शनिवारी ऑफिसच्या टेबलावर ठेवली. सध्याची स्थिती. उंची पट्टीने मोजून, सव्वा फूट. कॉम्प्युटर पुढे गेला.

परवानगीचं पत्र 29 मेला हातात आलं, तोवर फुलं झडून आठवडा झाला होता. पत्रात लिहिलं आहे : '11 कुंड्या (झाडे नसलेल्या) ग्रिलमध्ये ठेवण्यास हरकत नाही.' ते मी फाइलला लावून ठेवलंय. असल्या कामाला जाल तेव्हा अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. माझा दुसरा अर्ज त्यांच्याकडे सापडतच नव्हता, पोच होती म्हणून वाचले.

अकरातल्या दहाच कुंड्या पार्किंगमधून घरी आल्या, त्याचं पुढे सांगते. या सगळ्या मनस्तापातून एक फायदा मात्र झाला. रेन लिलीला पार्किंगमध्ये पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. जूनचा पहिला मोठा पाऊस ग्रिलमध्ये आला आणि पाचव्या दिवशी दोन्ही कुंड्यांत एकदम बावीस फुलं. ताण पडून मग भरपूर पाणी मिळालं की ती अशी उसळते. आता मी मुद्दाम उघडीप बघून तीन आठवडे पाणी तोडते. फूल एक-दोन दिवसच टिकतं, त्यामुळे त्या दिवशी बाहेरगावी जाऊ नये एवढंच.

जुलैत पानांवर काळी, पांढऱ्या-लाल ठिपक्यांची अळी आली, ती दिसायला सुंदर असते म्हणून बघत राहू नका. रात्रीत पान संपवते आणि मग कंदात शिरते. चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायची. कुंडीखालच्या थाळ्यांत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास त्यातच होतात. या एका मुद्द्यावर मी सोसायटीच्या बाजूची आहे. ट्यूलिपचं विचारणाऱ्यांना : मी केलेला नाही. त्याला इथे आधी तीन-एक महिने फ्रीजमध्ये थंडी द्यावी लागते, तीही फळांपासून लांब, कारण पिकत्या फळातल्या वायूने आतली कळी मरते. माझ्या फ्रीजमध्ये एवढी जागा नाही.

आता अकरावी कुंडी. ती 'रिकामी' म्हणून पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मॅनेजरला विचारून नेली होती आणि तिच्यात धने पेरले होते. मला कळलं तेव्हा कोथिंबीर वीतभर झालेली. काकूंचा त्यात काय दोष? मी परत मागितली नाही. ऑगस्टमध्ये काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, कोथिंबिरीत कसलीशी लांब पात येते आहे, मी दोनदा उपटली, तरी येतेच आहे. मी त्यांना म्हटलं, तिसऱ्यांदा नका उपटू, निशिगंध आहे तो.

यंदा झोपलेल्या कुंड्यांत मी आइसक्रीमच्या काड्या खोचल्या आहेत. त्यांवर काळ्या मार्करने उंची लिहिली आहे.