जांबोटीचा माळ: घोडी पाहायला जाताय तर आधी गोचिडांचं ऐका

"तासाभराचा माळ आहे, सरळ खानापूरच्या रस्त्याला लागाल." बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीत चहाच्या टपरीवर हे ऐकून निघालो आणि माळ पार करायला साडेतीन तास लागले. तिथे कुणी वेळ सांगितला तर तिप्पट धरा.

आधीची रानवाट सोपी आहे. किंजळ-जांभळाची सावली, वाट रुळलेली. त्यावर जास्त लिहीत नाही.

माळ मात्र वाईट. कार्तिकात गवत कमरेएवढं असतं आणि सगळं कुसळी. कुसळाची शेपटी दमट-कोरड्या हवेत पिळत-सुटत राहते आणि टोक आत सरकतं, म्हणून मोज्यात शिरलेलं कुसळ चालता चालता कातडीपर्यंत पोचतं. सुती मोजे आणि ट्रॅकपँट घालून जाऊच नका. गुळगुळीत कापडाची पँट आणि वरून गेटर (बुटापासून पोटरीपर्यंत झाकणारं आवरण), एवढंच चालतं.

त्याहून वाईट गोचीड. जनावरं जिथे चरतात तिथेच हे तिळाएवढे जीव गवताच्या टोकाला बसलेले असतात. घरी आल्यावर माझ्या अंगावरून अकरा काढले. हे हसण्यावारी नेऊ नका. माकडताप मुख्यतः गोचिडांतूनच येतो. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि घाटाखाली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण सापडलेत. त्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या भटकंतीचा. डीट (किडे-गोचीड दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा, गवतात बसू नका, परतल्यावर काखा आणि जांघा तपासा. गोचीड चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढा, चिरडू नका. आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

आणि तरीही, ती घोडी! माळ संपता संपता धनगरांचं बिऱ्हाड लागलं. पुढचे पाय दोरीने बांधलेली सहा तट्टं उन्हात चरत होती, एकीच्या पाठीवरच्या वाकळेत कोकरू. भात निघालेल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला ही मंडळी येतात. त्यांच्याकडे पाहता पाहता पायांची आग विसरलो. पण जवळ जाण्याआधी लांबूनच हाक मारा. त्यांची कुत्री थेट अंगावर येतात, काठी उगारली तर आणखी चवताळतात. आम्हाला भेटलेले धनगर कन्नड बोलणारे होते. "दारी यल्लिदे?" (वाट कुठे आहे?) एवढं विचारता आलं तरी वाट नीट दाखवतात.

रस्त्याला लागल्यावर जीपवाल्याने खानापूरपर्यंत दोघांचे सहाशे घेतले. अंधार पडला होता, त्याला ते दिसत होतं. सकाळी सातला निघा, म्हणजे परतीला एसटी मिळेल.