वॉरफिल्ड १९८०: बारा रात्रींच्या टेप्स, काम कुठवर आलं

बॉब डिलनने ९ ते २२ नोव्हेंबर १९८० या दोन आठवड्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये १२ कार्यक्रम केले. त्यांची प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग्ज मिळवून, तपासून, नीट लावून ठेवण्याच्या कामाची ही ताजी नोंद. आदल्या वर्षी याच थिएटरात त्याने १४ रात्री फक्त नवी भक्तिपर गाणी गायली होती, जुनं एकही नाही. १९८० मध्ये जुनी गाणी परतली आणि पाहुणे गिटारवादकही आले: १३ तारखेला कार्लोस सांताना, १५ला माइक ब्लूमफिल्ड, १६ला जेरी गार्सिया. ब्लूमफिल्ड तीनच महिन्यांत, १५ फेब्रुवारी १९८१ला गेला. १२ नोव्हेंबरला ‘कॅरिबियन विंड’ झालं, ते त्याने पुन्हा कधीच मंचावर गायलं नाही. हा गायक एकच गाणं दोन रात्री सारखं म्हणत नाही. म्हणून ‘एक चांगली रात्र ठेवली की झालं’ हा हिशेब इथे चालत नाही, बाराही रात्री लागतात.

प्रत हातात आली की आधी पिढी बघायची, म्हणजे मूळ टेपपासून ती कितवी नक्कल आहे ते, माइक नंतर. साध्या माइकवरची पहिली प्रत उत्तम माइकवरच्या चौथ्या प्रतीपेक्षा केव्हाही बरी. कॅसेटवरून कॅसेट करताना दर वेळी नव्या टेपची सळसळ जुनीवर चढते. सारख्या दर्जाच्या टेप धरल्या तर पहिल्या नकलेत ती ३ डेसिबलने वाढते आणि तिसऱ्या नकलेपर्यंत ६ने. वरचे सूर झिजतात, गतीची थरथर वाढते. प्रतीसोबत येणाऱ्या माहितीच्या फाइलमध्ये ‘मास्टर’, म्हणजे मूळ टेप, असं लिहिलेलं असलं तरी कानाने खात्री करावी. कॅसेटची बाजू उलटताना पडलेली खाच, म्हणजे आवाजातला खंड, चांगली साक्ष देते. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, तेव्हा मूळ टेपमध्ये खाच साधारण तिथेच पडायला हवी. ती ४५व्या मिनिटाला आहे आणि भलत्याच ठिकाणी आणखी एक आहे, तर मधे कुणीतरी वेगळ्या लांबीच्या कॅसेटवर नक्कल केलेली आहे.

यंत्राचं नावही वेळेशी ताडून बघावं. १९८०च्या रेकॉर्डिंगसाठी सोनी टीसी-डी५ किंवा नाकामिची ५५० लिहिलं असेल तर शक्य आहे. सोनी डब्ल्यूएम-डी६सी लिहिलं असेल तर ती ओळ चुकलेली आहे, कारण तो वॉकमन तेव्हा बाजारातच नव्हता. अशी चूक सापडली म्हणून सगळी प्रत खोटी ठरत नाही. डी६सी नंतर नक्कल करताना वापरला गेला असेल आणि नोंद चुकीच्या जागी पडली असेल. पण मग ती प्रत ‘मास्टर’ या खान्यातून काढायची.

या वेळी सर्वांत जास्त वेळ गेला तो गतीत. टीसी-डी५ला दोन मोठे सेल लागतात. ते उतरू लागले की टेप हळू फिरते आणि नंतर नीट डेकवर वाजवली की गाणं जलद आणि चढं ऐकू येतं. चूक सगळीकडे सारखी नसते, बाजू संपत येईल तशी वाढत जाते. ती मोजायला अमेरिकेतल्या कार्यक्रमात एक आयतं साधन आहे: विजेची घरघर. तिथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे अॅम्प्लिफायरची गुणगुण ६०, १२०, १८० अशा पट्ट्यांवर बसते. दोन गाण्यांमधली शांत जागा निवडावी, जिथे टाळ्या ओसरल्यात आणि कुणी तार छेडत नाही. तिचा ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे त्याचा आलेख, काढावा, आकार (साइझ) ६५,५३६. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर आलेखाचं एक घर ०.६७ हर्ट्झचं होतं. ६० हर्ट्झवर तेवढी चूक म्हणजे एक टक्क्याहून जास्त, म्हणून ६०ची रेघ धरायचीच नाही, १८०ची धरायची. तिथे तीच चूक ०.३७ टक्क्यावर येते.

हातातल्या १२ नोव्हेंबरच्या प्रतीत पहिल्या बाजूच्या सुरुवातीला १८०ची रेघ १८३.६वर आहे, म्हणजे गती २ टक्के जास्त, स्वर सुमारे ३४ सेंट चढा (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). त्याच बाजूच्या शेवटाला ती १८६.३वर जाते: ३.५ टक्के, जवळजवळ ६० सेंट, अर्ध्या स्वराच्याही अर्ध्याहून जास्त. अशा टेपला एकच आकडा टाकून दुरुस्त केलं की सुरुवात बरोबर येते आणि शेवट चढाच राहतो, किंवा उलट. दर चार-पाच मिनिटांनी एक मोजणी घेतली, ऑडॅसिटीतल्या टाइम ट्रॅकवर, म्हणजे गती बदलणाऱ्या पट्टीवर, तेवढे बिंदू टाकले आणि मधली रेघ सरळ सोडली. दुरुस्ती गती बदलूनच करायची. फक्त पट्टी बदलणारा किंवा फक्त लय बदलणारा इफेक्ट इथे चुकीचा, कारण टेप हळू फिरली तेव्हा दोन्ही एकदम बिघडलं होतं.

घरघरीचा आकडा दुसऱ्या कशाशी तरी पडताळावा. गिटारवर भरवसा नको, तिचं ट्यूनिंग मंचावर सरकतं. हार्मोनिकाच्या पट्ट्या मात्र पक्क्या असतात, कारखान्यात बहुधा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा किंचित चढ्या लावलेल्या, तेव्हा तिच्यावरून काही सेंटांत अंदाज येतो. मंचावर टोनव्हीलचा, म्हणजे फिरत्या चाकांनी स्वर काढणारा, हॅमंड ऑर्गन असेल तर सोन्याहून पिवळं. त्याची मोटर विजेच्या ६० हर्ट्झलाच बांधलेली असते, म्हणून त्याचा स्वर हलत नाही.

दुसऱ्या एका फाइलमध्ये १५.३ किलोहर्ट्झला बारीक, अखंड रेघ दिसली. ती शिट्टी जुन्या काचेच्या टीव्हीची. युरोपात आणि आपल्याकडे ती १५,६२५ हर्ट्झवर असते, अमेरिकेत १५,७३४वर. १५,६२५ला २ टक्के खाली आणलं की १५,३१२ येतात. याचा सरळ अर्थ, नक्कल पाल पद्धतीच्या (युरोपातल्या आणि आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) देशात चालू टीव्हीजवळ झाली आणि त्यानंतर कुणीतरी गती २ टक्के उतरवली, पण फाइलमध्ये त्याचा उल्लेख केला नाही. अशा प्रतीवर पुन्हा दुरुस्ती करण्याआधी हे कळलेलं बरं.

स्पेक्ट्रम उघडलाच आहे तर एमपी३ची तपासणीही उरकावी. कमी बिटरेटच्या एमपी३ला १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी कडा असते. जुनी कॅसेट तिथे हळूहळू विरत जाते आणि तिची सळसळ वरपर्यंत पसरलेली राहते. सळसळसुद्धा त्याच रेषेवर तुटली असेल तर फाइल आज फ्लॅक किंवा वॅव अशा आवाज न गाळणाऱ्या प्रकारात असली तरी ती कधीतरी एमपी३ होती. संग्रहातून बाद.

स्वतः कॅसेट वाजवून घ्यायची असेल तर हेडचा कोन, म्हणजे अझिमथ, दर बाजूला नव्याने लावावा. दोन्ही चॅनेल मोनोत मिसळावेत, हेडशेजारचा स्क्रू एका वेळी आठवा हिस्सा वळणाइतकाच फिरवावा आणि टाळ्यांवर व झांजांवर कान ठेवावा. जिथे त्या सर्वांत कुरकुरीत वाजतात तिथे थांबायचं. नकलेच्या नकलेवर याचा उपयोग अर्धाच, कारण आधीच्या डेकचा चुकलेला कोन आवाजात मुरलेला असतो आणि तो स्क्रूने निघत नाही. डॉल्बी बी, म्हणजे सळसळ दाबणारी सोय, तिच्याबाबतही जपून. रेकॉर्ड करताना चालू होता की बंद, हे कळल्याशिवाय बटण दाबू नये. चुकून चालू ठेवला तर सळसळ कमी होते म्हणून बरं वाटतं, पण झांजा मेलेल्या असतात. सळसळ काढणारं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर अजिबात नको. सळसळीबरोबर थिएटरची हवा जाते.

मुंबई-कोकणातल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात राहिलेल्या कॅसेटवर खिडकीतून पांढरी जाळी दिसली तर ती चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. कवचाचे पाच स्क्रू काढून टेपच्या चकत्या नव्या कवचात ठेवाव्यात आणि पहिली फिरवाफिरव टाकाऊ यंत्रावर करावी. फेल्टची गादी निखळली असेल तरी उपाय हाच, कवच बदलणं. जुन्या कॅसेट चिकटवलेल्या असतात, त्या सांध्यावर पातळ पात्याने उघडाव्या लागतात, घाई केली तर टेपच्या कडेला चीर जाते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, रबरी रोलर शक्यतो ओल्या फडक्याने. साठवण हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह.

बाजू उलटतानाची खाच दुसऱ्या रेकॉर्डिंगने भरायची असेल तर आधी दोन्हींची गती जुळवायची, मग आवाजाची पातळी, आणि ५० ते १०० मिलिसेकंदांचा जोड द्यायचा. ठिगळाचा आवाज मूळ टेपसारखा करायला इक्वलायझर ओढू नये. ऐकणाऱ्याला कळू दे की इथे जागा बदलली. ठिगळ कुठून कुठपर्यंत आहे ते मिनिट-सेकंदासह माहितीच्या फाइलमध्ये लिहावं.

गाणी कापताना खूण सीडीच्या चौकटीवरच पाडावी, म्हणजे सेकंदाच्या ७५व्या भागावर, ५८८ नमुन्यांच्या (सॅम्पलच्या) पटीत. नाहीतर सीडीवर दोन गाण्यांच्या सांध्याला टक् असा आवाज येतो. फाइल बदललेली नाही हे ताडायचे ठसे (चेकसम) दोन्ही प्रकारचे ठेवावेत. फ्लॅकचा आतला ठसा फक्त आवाजाचा असतो, टॅग बदलले तरी तो टिकतो. एमडी५ हा दुसरा ठसा पूर्ण फाइलचा, टॅगमधलं एक अक्षर बदललं तरी बदलतो. दोन तासांचा १६ बिटचा कार्यक्रम उघड्या रूपात १.२७ जीबी होतो, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला ४.१५ जीबी. कॅसेटवरून घेताना २४ बिट ठेवण्यात अर्थ आहे, पुढे गती आणि पातळी बदलताना ते कामी येतात. कच्ची फाइल एका डिस्कवर, दुरुस्त केलेली दुसऱ्यावर, आणि दोन्हींची प्रत घराबाहेर.

ही रेकॉर्डिंग्ज गायकाच्या परवानगीशिवाय झालेली आहेत. म्हणून देवाणघेवाणीत पैसा येऊ द्यायचा नाही, डिस्क आणि टपालाचा खर्चसुद्धा ज्याचा त्याने. या काळातलं बरंच साहित्य २०१७च्या अधिकृत संचात आलं आहे. तिथे असलेली गाणी आपल्या संचातून काढायची आणि तो संच विकत घ्यायचा.

पुढचं काम: १२ नोव्हेंबरच्या दुसऱ्या बाजूची गती अजून मोजायची आहे, १५ तारखेची खाच भरायची आहे. १५ची वेगळ्या जागेवरून केलेली टेप कुणाकडे असेल तर कच्चीच पाठवा. गती, डॉल्बी, इक्वलायझर कशालाही हात न लावता, फाटक्या खोक्यावरच्या अक्षरांच्या फोटोसकट.