मेतकूट आजच आणा

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातले गिरणीवाले काका गोड बोलत नाहीत. दुकानदाराच्या जिभेवर खडीसाखर हवी म्हणणाऱ्यांनी त्यांना एकदा येऊन पाहावं. ‘ठेवा’, ‘चारला या’ आणि ‘आज नाही’ ही त्यांची रोजची वाक्यं. चौथं वाक्य क्वचित, आणि तेही बहुधा रागावल्याचं. तरी काका दोन दिवस दिसले नाहीत की घराघरांतून विचारणा सुरू होते. तब्येत बरी आहे ना, सुनेकडे गेलेत का, कोणीतरी डबा पोचवा बाई. एवढा जीव लोक त्यांच्यावर का लावतात, याचा विचार मी डबा घेऊन रांगेत उभी असताना करते. तिथे दुसरं काही करताही येत नाही. गिरणीच्या आवाजात गप्पा होत नाहीत आणि फोन बाहेर काढला तर मिनिटात त्यावर पिठाचा थर बसतो.

दळायचं काम मोटर आणि दगड करतात. काकांचं डोकं चालतं ते क्रम लावण्यात. दोन दगडांच्या फटीत, खालच्या नळीत, तिला बांधलेल्या कापडी बाहीत आधीच्या दळणाचं पीठ थोडं तरी उरतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणजे कोणाच्या मागे कोण, यावर पोळीची चव ठरते. सकाळी गिरणी झाडूनपुसून पहिलं दळण उपासाचं: राजगिरा, शिंगाडा, वरी. त्यानंतर तांदूळ, मग गहू, मग हरभरा डाळ. ज्वारी-बाजरी दुपारी. भाजणी सगळ्यांच्या शेवटी, कारण धने-जिऱ्याचा वास दगडाला सोडत नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे आणि एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांच्या आदल्या दिवसांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. पर्युषणात आमच्या गल्लीतली जैन घरं थोडं थोडं, पण ताजं पीठ नेतात. त्यांची पाळीही सकाळचीच. कोणी मोठा माणूस गाडीतून उतरून नऊ वाजता बाजरी पुढे करतो, तेव्हा काका डब्यात डोकावतात आणि म्हणतात, “चारला या.” गाडी परत जाते आणि चारला येते.

मराठी आणि गुजराती स्वयंपाकघरांमधला फरक मला पुस्तकातून कळला नाही, या ओट्यावर कळला. “बेन, रोटली माटे के भाखरी माटे?” हा प्रश्न काका गेली कित्येक वर्षं विचारत आहेत. रोटलीचं पीठ मऊसूत हवं, भाखरीचं करकरीत. हांडव्याला डाळ-तांदूळ भरड हवेत, ढोकळ्याला त्याहून थोडे बारीक. आमच्या बायकांची तऱ्हा वेगळी. पुरणपोळीच्या कणकेला जरा रवाळपणा लागला तरी सासू-सुनेत दोन दिवस अबोला. काका वरचा स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरवतात, पहिली मूठ पीठ अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घेऊन चोळतात आणि पुन्हा पाव फेरा मागे येतात. हे करताना त्यांची नजर पिठावर नसते, रस्त्यावर असते.

गहू हातात घेतला की तो एरंडेल लावून कोठीत भरलेला आहे की नाही, हेही त्यांना बोटांनी कळतं. उन्हाळ्यात वर्षाचा गहू घेऊन त्याला ‘दिवेल’ चोळायचं, हे आमच्याकडच्या मराठी घरांनीही शेजारणींकडून उचललं. भालिया गहू भाखरीला आणि लापशीला, लोकवन पोळीला, हे काकांचं मत. लोकवन हे भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं वाण. म्हणजे पुण्याची मावशी ज्या गव्हाच्या मऊ पोळ्यांवर फुशारकी मारते, त्याचं माहेर गुजरातच. हे मी तिला दर दिवाळीत सांगते आणि तिला ते दर दिवाळीत पटत नाही.

दांडिया बाजारात भाजणी आली ती गायकवाडी नोकरीच्या माणसांबरोबर. कारकून, मास्तर, पागेतले, मुदपाकखान्यातले असे सगळे. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० साली गुजरात वेगळा झाला. काही घरं उठून गेली, बरीच राहिली. कचेरीतली मराठी गेली, पाटीवरची गेली, नातवंडांच्या शाळेतलीही बहुतेक गेली. थालिपिठाची भाजणी मात्र अजून महिन्याला गिरणीवर येते. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यामुळे काकांच्या घरात अक्षरओळख तेव्हापासूनची. पण डब्यांवर नावं लिहिलेली काकांना खपत नाहीत. “पुसून जातात,” म्हणतात. झाकणाचा पोचा, कडीची तार, पिशवीची नाडी एवढ्यावर त्यांचं खातं चालतं.

एकदा भाजणीनंतर घाईत एका गुजराती बाईंचे गहू पडले. घाई त्यांचीच होती, काकांनी बजावलंही होतं. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन परत आल्या. आता खटका उडणार म्हणून आम्ही सगळ्या कान देऊन उभ्या. तर त्यांनी विचारलं, काल रोटलीला वास कसला होता, घरातल्या पोरांनी दोन दोन जास्त खाल्ल्या. तेव्हापासून त्यांच्याकडे थालिपीठ होतं आणि त्याच्याबरोबर छुंदा असतो. ही जोडी मला मान्य नाही, पण मी बोलत नाही.

मेतकुटाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. मेतकुटात हळद, मिरची, मोहरी, मेथी, हिंग. असलं काही काका आपल्या दगडाला लावू देत नाहीत. मसाला कुटायला डंका आहे, तिकडे जा. पण डंक्यावर मेतकूट म्हणजे पुढच्या-मागच्याच्या मिरचीत न्हालेलं मेतकूट. मऊभातावर घातलं की बाळसुद्धा ठसकेल. माझी आत्या यावर काकांशी पुष्कळ भांडली. तिने आर्जवं केली, शेजारधर्म काढला, त्यांच्या आईच्या हातच्या मेतकुटाची आठवण काढली. “आज नाही.” मग एका संध्याकाळी काकांचा मुलगा सायकलवर दारात आला आणि निरोप देऊन गेला: मेतकूट आजच आणा.

कारण असं की दुसऱ्या दिवशी दगडांना टाकी लावायची होती. दळून दळून दगडाच्या खाचा बोथट होतात, मग पीठ जास्त तापतं आणि बारीकही नीट होत नाही. अशा वेळी दगड उघडून छिन्नी-हातोडीने खाचा पुन्हा कोरतात. टाकी लागल्यावर पहिलं दळण कचकचतं, म्हणून काका आधी हलकं धान्य घालून ते पीठ टाकून देतात. तेव्हा टाकीच्या आदल्या संध्याकाळी दगडाला हळद लागली काय अन् हिंग लागला काय, उद्या सगळं निघून जाणार. आत्या डाळी भाजायला बसली. तासाभरात ही खबर अख्ख्या गल्लीत फिरली. तेव्हापासून टाकीची तारीख ही आमच्याकडची अघोषित मेतकूट-जयंती. वर्षातून किती वेळा येईल सांगता येत नाही, पंचांगात नाही, आणि त्या रात्री गल्लीतून चालताना दर तिसऱ्या घरातून फोडणीशिवायचा खमंग वास येतो.

काका नाही म्हणतात ते बऱ्याचदा स्वतःच्या गल्ल्याला खार लावून. बाजरी पाच किलो एकदम आणली तर दोनच दळतात, बाकीची परत. “आठवड्यात कडू होईल आणि नाव माझं जाईल.” भाजणी गरम आणली तर तिथेच कागदावर पसरून ठेवायला लावतात, नाहीतर डब्यात घाम धरते. वजनाच्या बाबतीत मात्र त्यांचाही नाइलाज असतो. दळताना पीठ तापतं, ओल उडते, थोडं हवेत जातं, आणि पाच किलोचे पाच किलो कधीच भरत नाहीत. नवी सून हमखास घरी जाऊन तोलून येते. काका तिला काट्यावर पुन्हा तोलून दाखवतात आणि मग तिच्या नाकावरचं पीठ दाखवतात. एवढा विनोद ते करतात.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात शिरली. जन्माष्टमी नुकतीच झाली होती. आमच्या गल्लीतही पाणी आलं. काका, त्यांचा मुलगा आणि समोरचा सायकलवाला यांनी ओट्यावरचे डबे माळ्यावर चढवले. मोटर जड, जमिनीत बोल्टांनी आवळलेली, ती राहिली. एक कोपऱ्यातलं पोतं भिजलं. त्याचे पैसे काकांनी देऊ केले, आणि ज्यांचं होतं त्यांनी ते घेतले. यावर गल्लीत आजही दोन तट आहेत.

खरं संकट पुढे आलं. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. मोटर वाइंडिंगला गेलेली, दगड आतून ओले. धुऊन सावलीत वाळवलेला मोदकांचा तांदूळ घेऊन बायका शहरभर फिरल्या. कुठे गव्हामागोमाग तांदूळ पडला, कुठे भरड निघाला. त्या वर्षी आमच्या गल्लीत पाऱ्या तडकल्या, कळ्या मिटेनात, एका घरी तर सरळ खिरापतीवर भागवलं. आरतीला काका घरोघरी गेले तेव्हा प्रत्येक ताटातला मोदक त्यांनी उलटून पाहिला. बोलले काहीच नाहीत. गिरणी चालू झाली ती पितृपक्षाच्या सुमारास, आणि पहिल्या दिवशी रांग कोपऱ्यावर वळली.

घरघंटी आता पुष्कळांकडे आहे, आमच्याकडेही आहे. राजकोट-अहमदाबादकडची ही कपाटाएवढी पेटी झाकण लावलं की फार आवाज करत नाही. पण बहुतेक घरघंट्यांत दगड नसतो. आत फिरणारी पाती धान्याला झोडपतात आणि जाळीतून गाळतात. दगडात गव्हाच्या कणांतल्या स्टार्चला जो रगडा बसतो त्याने पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. काकांना हे स्टार्चबिर्च ठाऊक नाही. ते म्हणतात, “पेटीतलं पीठ पाणी मागत नाही.” दोन्हीचा अर्थ एकच, आणि मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. आमची घरघंटी नाचणीपुरती चालते.

संध्याकाळी गिरणी झाडल्यावर जे पीठ निघतं ते एका पिशवीत जमा होतं. कमाटीबागेत सकाळी मुंग्यांना पीठ घालणारे एक वयस्कर गृहस्थ ती पिशवी घेऊन जातात. काका त्यातलं चिमूटभरही घरी नेत नाहीत. गंमत म्हणजे स्वतःच्या घरचं दळणही ते स्वतःच्या गिरणीत दळत नाहीत. गिऱ्हाइकाने संध्याकाळी हातात पिठाचा डबा पाहिला तर काय समजेल, एवढाच त्यांचा मुद्दा. त्यांच्या घरचा डबा मांडवीकडच्या दुसऱ्या गिरणीत जातो, मुलाच्या सायकलवरून. मी एकदा विचारलं, कसं असतं तिथलं पीठ?

काकांनी डोळ्यांवरचं पीठ पुसलं. “बारीक नाही दळत लेकाचा,” म्हणाले, आणि पुढचा डबा ओढला.