सुओमी केपी/-३१, १:६ : जॅकेट एकदाचं सरळ आलं

मंडळी, फिनलंडच्या सुओमी सबमशीनगनच्या सहापट लहान मॉडेलमधला बॅरल जॅकेटचा, म्हणजे नळीभोवतीच्या खाचांच्या आवरणाचा, तिढा सुटला. मागच्या अपडेटमधली पितळी नळीची पद्धत पूर्ण सोडून दिली आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

नळीवर कागदी टेम्प्लेट चिकटवून खाचांच्या दोन्ही टोकांना ०.८ मिमीची भोकं पाडायची आणि मधला भाग कानशीने मोकळा करायचा, ही नेहमीची रीत. सुओमीच्या जॅकेटला लांबट खाचा असल्याने ती इथे नडते. ओढून बनवलेल्या नळीत ताण अडकलेला असतो. शेजारशेजारच्या दोन खाचा मोकळ्या झाल्या की मधली पट्टी बाहेर फुगते. नळी आधी तापवून मऊ केली तर कानशीखाली चेपते. आत लाकडी दांडी भरली तरी गोल पृष्ठभागावर ड्रिल सरकतोच आणि खाचांची रांग पिळल्यासारखी दिसते.

आता उलटा क्रम घेतला. ०.२ मिमीचा पितळी पत्रा प्लायवुडवर सुपरग्लूने चिकटवायचा आणि सपाट असतानाच सगळ्या खाचा कापायच्या. मग अॅसिटोनमध्ये सोडवून मंद लाल होईपर्यंत तापवायचा. बाहेरचा व्यास ६ मिमी धरला, तर पत्र्याची रुंदी ३.१४ × ५.८, म्हणजे १८.२ मिमी. सहा मिमीनेच गुणलं तर कडा एकमेकींवर चढतात. ५.२ मिमीच्या स्टील रॉडवर गुंडाळला की उसळून बरोबर मापावर येतो. पहिल्या गुंडाळीत खाचांजवळ पत्रा मोडून जॅकेट षटकोनी झालं. खाचांच्या पत्र्यावर ०.१ मिमीचा अखंड पत्रा ठेवून दोन्ही एकत्र, रबराच्या तुकड्यावर दाबत फिरवले तेव्हा गोलाई सुरेख आली. सांधा खालच्या बाजूला. पुण्याच्या बोहरी आळीत वजनावर मिळणारा पत्रा चालतो, पण कडक निघतो. दोनदा तापवावा लागतो.

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा जोड, लावायचा का, असं ग्रुपमध्ये विचारलं होतं. डायोरामा फिनलंड-सोव्हिएत हिवाळी युद्धाचा, ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० चा असेल, तर ब्रेक नकोच. तो १९४२ पासून आला. ब्रेकशिवाय मूळ लांबी ८७० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये १४५ मिमी. ब्रेकसह ९२५, म्हणजे १५४. संदर्भाचे बरेच फोटो नंतरच्या बंदुकांचे असतात, त्यामुळे आधी तोंड पाहा आणि मगच मोजमाप घ्या.

कॉकिंग हँडल (बंदूक सज्ज करायला ओढायचा दांडा) रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्याच्या, मागच्या टोकाला उजव्या बाजूला असतं आणि गोळीबारात आतल्या मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टबरोबर हलत नाही. गोळी झाडणाऱ्या सैनिकाच्या हातातल्या बंदुकीत ते पुढे सरकलेलंच दाखवा.

ड्रम, म्हणजे गोळ्यांचा गोल डबा, अजून बाकी आहे. कोस्किनेनचा ७० गोळ्यांचा ड्रम सोव्हिएतांनी आपल्या पीपीडी-४० आणि पुढे पीपीएसएच-४१ या सबमशीनगनसाठी उचलला, म्हणून स्पेअर बॉक्समधला पीपीएसएचचा ड्रम वापरायचा मोह होतो. पण पीपीएसएचचं ७.६२×२५ काडतूस सुओमीच्या ९×१९ पेक्षा सुमारे ५ मिमी लांब, त्यामुळे तो ड्रम पुढून मागे जाड. १:६ मध्ये ०.८ मिमीचा फरक डोळ्याला दिसतो. घासून जाडी कमी करायचा बेत होता, पण हे लिहिताना वाटतंय की ॲक्रिलिकच्या चकत्या रचून नवाच करावा. कडेची गोल पट्टी वेगळी लावता येईल आणि तोंडही नीट बसेल.

रंगाचं एक सांगतो. आयमो लाहतीने आखलेली ही बंदूक टिक्काकोस्की कारखान्यात अखंड पोलादातून यंत्रावर कापून घडवलेली, म्हणून महाग आणि रिकामी असतानाच साडेचार किलोच्या वर. पीपीएसएचसारखे दाबलेल्या पत्र्याचे सांधे किंवा वेल्डच्या रेघा इथे नकोत. रिसीव्हरच्या कडा धारदार ठेवा, काळसर निळ्या रंगावर फक्त कडांना ग्रॅफाइट घासा.

पुढच्या वेळी ड्रम आणि ५०० मीटरपर्यंतची मागची साइट (नेम धरायची खूण). साइटची पट्टी ०.१ मिमी पत्र्याचीच करणार; रेझिनची नुसत्या बोट लागण्यानेही तुटते.