आधी एसएमपीएस ठरवा, मग प्रोसेसर

घरचा पीसी असेंबल करताना बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात आणि उरल्यासुरल्या पैशांत एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, उरकतात. हिशेब उलटा करायला हवा. प्रोसेसर जुना होतो, पण सहसा बिघडत नाही. हलका एसएमपीएस मात्र बिघडतो आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट येणारा डबा बाजूला ठेवा. आज ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नसलं तरी ६५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड मानांकनाचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा) आणि किमान सात वर्षं वॉरंटीचा घ्या. पुढे एसएमपीएस बदललाच, तर मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबलीही नव्याच्याच लावा. जुन्या केबली त्यात बसतात, पण आतल्या पिनांची जुळणी वेगळी असू शकते. मग हार्ड डिस्क एका क्षणात जळते.

त्यानंतर सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर आले आणि २०२२ मध्ये त्याच सॉकेटसाठी रायझन ५८००एक्स३डी आला. बायॉस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर बऱ्याच जुन्या बोर्डांनी तो चालवला. इंटेलचं एलजीए १२०० मात्र दोन पिढ्यांत आटोपलं. एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचा शब्द एएमडीने दिला आहे. म्हणून रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड ही जोडी मला शहाणपणाची वाटते. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर टाळा. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या, आणि त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवा. 'आता दोन, पुढे आणखी दोन' हा बेत डीडीआर५ वर, म्हणजे एएम५ ला लागणाऱ्या रॅमवर, फसतो. रायझन ५ ७६०० वर रॅमचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० एमटी/सेकंद (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद), तर चार लावल्यावर ३६००. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची जुळवणी चालते आणि काही मिनिटं स्क्रीन कोरीच राहते. इथे घाबरून बटण दाबणारे पुष्कळ. दहा मिनिटं थांबा.

एसएसडी १ टीबीची, टीएलसी प्रकारची (प्रत्येक पेशीत तीन बिट साठवणारी). अशा डिस्कवर साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ३० जीबी लिहिलं तरी वर्षाला ११ टीबीच होतात. तेव्हा लिहून लिहून ती झिजेल ही भीती सोडा, पण डिस्क चालवणारी कंट्रोलर चिप अचानक मरू शकते म्हणून बॅकअप हवाच. थंड ठेवायला पाण्याच्या कूलरपेक्षा साधा एअर कूलर बरा. वर्षांनंतर त्यात बिघडणार तो पंखा, आणि १२० मिमीचा पंखा कुठेही मिळतो.

आता अर्थिंग, ज्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सहसा दोष भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटमध्ये असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट अर्थकडे सोडतात. अर्थ जोडलेलाच नसेल तर पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमधला व्होल्टेज बघा. तो फेज-न्यूट्रलइतकाच यायला हवा. कमी आला तर आधी वायरमनला बोलवा. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्डही पूर्ण काम करू शकत नाही.

जोडताना सर्वांत नाजूक जागा प्रोसेसरच्या सॉकेटची. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढा, पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. बोर्डाच्या वर डाव्या कोपऱ्यातली, प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल विसरली तर पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही.

धूळ दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअरने काढा. तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने वेगात फिरून बेअरिंग खराब होतं. आणि पाच-सहा वर्षांनी घड्याळ मागे पडू लागलं, बायॉसच्या सेटिंग्ज पुसल्या जाऊ लागल्या, तर मशीन म्हातारं झालं म्हणून विकायला काढू नका. बोर्डावरची सीआर२०३२ बटण बॅटरी बदला.