आवाज तुटतोय? आधी बिघाड कोणाकडे आहे ते बघा

व्हिडिओ कॉलवर काही बिनसलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुझं नेट खराब आहे". समोरचाही तेच म्हणत असतो. मग कॉल कट, परत लाव, वायफाय बंद, वायफाय चालू, फोन रीस्टार्ट, आणि शेवटी वैतागून साधा फोन. नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांचे असले प्रॉब्लेम माझ्याकडे येतात आणि कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी मी एकच विचारते, नक्की कोणाला कोणाचं ऐकू येत नाहीये? कारण कॉलमधे त्रास एकाला होतो आणि बिघाड दुसऱ्याकडे असतो, असं फार वेळा होतं, आणि हे न बघता ज्याला त्रास होतोय तोच बिचारा आपला फोन उलटापालटा करत बसतो.

कसं असतं बघा, तुमचा आवाज तुमच्या माइकमधून निघतो, तुमच्या नेटच्या अपलोडवरून जातो, समोरच्याच्या डाउनलोडवरून पोचतो आणि त्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो. त्याचा आवाज बरोबर उलट्या वाटेने येतो. ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत, एक चांगली आणि एक खराब असू शकते. ग्रुप कॉल असेल तर ओळखणं सोपं, सगळ्यांना एकाच माणसाचा आवाज तुटक येत असेल तर गडबड त्या माणसाकडे, आणि एकाच माणसाला सगळेच तुटक ऐकू येत असतील तरीही गडबड त्याच्याचकडे. दोघांचाच कॉल असेल तर तिसऱ्या कोणाला तरी दोन मिनिटं जोडून घ्या, नाहीतर दोघांपैकी एकाने वायफाय सोडून मोबाइल डेटावर यायचं आणि फरक पडतो का बघायचं. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. दोघांनी एकदम सगळं बदललं तर कॉल सुधारतो पण कशाने सुधारला ते कळत नाही, आणि उद्या परत तेच सगळं.

ह्याचं सगळ्यात पक्कं उदाहरण म्हणजे एको. तुम्हाला तुमचाच आवाज अर्ध्या-एक सेकंदाने परत ऐकू येतोय ना, तर तुमच्या फोनमधे बहुतेक काहीही बिघडलेलं नाहीये. समोरच्याचा स्पीकर मोठ्ठा आहे, त्यातून निघालेला तुमचा आवाज त्याच्या माइकमधे शिरतोय आणि फिरून तुमच्याकडे येतोय. ॲपमधे एको कापायची सोय असते, म्हणजे स्पीकरवर काय वाजतंय हे सॉफ्टवेअरला माहीत असतं आणि माइकमधून येणाऱ्या आवाजातून ते तेवढं वजा करतं. पण आवाज फुल करून स्पीकर फाटायला लागला, किंवा बाहेरचा ब्लूटूथ स्पीकर लावला ज्यात आवाज जरा उशिराने वाजतो, की ती वजाबाकी चुकते. गंमत म्हणजे ज्याच्याकडून एको होतोय त्याला स्वतःला तो ऐकूच येत नाही, म्हणून "माझ्याकडे तर सगळं ठीक आहे" असं तो अगदी मनापासून सांगतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला म्हणा जरा इअरफोन लाव किंवा आवाज कमी कर. जास्त लोक असतील तर एकेकाने म्यूट करायचं, ज्याने म्यूट केल्यावर एको थांबला तो माणूस सापडला. आणि एकदम कर्कश शिट्टीसारखं वाजायला लागलं तर एकाच खोलीतून दोन फोन किंवा एक फोन आणि एक लॅपटॉप त्याच कॉलला जोडलेत, त्यातल्या एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करायचं.

आता नेट. "माझं स्पीड शंभरचं आहे" हे वाक्य मी खूप ऐकते. स्पीड टेस्टमधे मोठ्या अक्षरात दिसतो तो बहुतेक डाउनलोडचा आकडा, पण तुमचा चेहरा आणि आवाज समोर पोचतो तो अपलोडवरून आणि बऱ्याच कनेक्शनवर अपलोड डाउनलोडपेक्षा खूप कमी असतो. तसं बघायला गेलं तर कॉलला स्पीड फार लागतही नाही. झूमच्या मदत पानावर दोघांच्या चांगल्या क्वालिटीच्या कॉलसाठी ६०० किलोबिट प्रति सेकंद एवढंच सांगितलंय. नुसत्या आवाजाला तर त्याहून कितीतरी कमी पुरतं, ब्राउजरमधल्या कॉलमधे आवाजासाठी ओपस नावाचा कोडेक (आवाज लहान करून पाठवायची आणि तिकडे परत उलगडायची पद्धत) वापरतात, २०१२ मधे तो स्टँडर्ड झाला, आणि तो अगदी ६ किलोबिटपासून चालतो.

मग अडतं कुठे? वेळेत पोचण्यात. यूट्यूबवरचा व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो म्हणून मधे नेट दोन सेकंद गेलं तरी तुम्हाला कळत नाही. कॉलमधे पुढचं वाक्य अजून बोललंच गेलेलं नसतं तर साठवणार काय! आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे छोटे तुकडे करून पाठवतात, आणि जो तुकडा उशिरा आला तो टाकूनच द्यावा लागतो कारण संभाषण पुढे गेलेलं असतं. आयटीयू म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक वेळा चालतो असं धरलंय, त्याच्या वर जायला लागलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात, "तू बोल, नाही नाही तू बोल" सुरू होतं. म्हणून "व्हिडिओ तर मस्त चालतात मग कॉल का अडकतो" ह्या प्रश्नाचं उत्तर स्पीडमधे सापडत नाही.

आणि इथे एक कारण आहे ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, ते म्हणजे फोटोंचा बॅकअप. घरातला कोणीतरी बाहेरून येतो, त्याचा फोन वायफायला लागतो, आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढायला लागतात. सगळं अपलोड त्यात भरून जातं, तुमच्या आवाजाचे छोटे तुकडे राउटरमधे त्या मोठ्या फायलींच्या मागे रांगेत उभे राहतात, आणि समोरच्याला तुम्ही अडखळत ऐकू येता. तुम्हाला मात्र समोरचा छान ऐकू येत असतो कारण डाउनलोड मोकळं आहे. म्हणूनच म्हटलं, दिशा बघा. हे पडताळून बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर कमांड विंडो उघडून ping 8.8.8.8 टाका (विंडोजमधे ping -t 8.8.8.8, नाहीतर ते चार ओळींत थांबतं), म्हणजे गूगलच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते दिसत राहतं, आणि time च्या पुढे येणाऱ्या मिलिसेकंदांकडे बघत रहा. एरवी वीस-तीस असणारा आकडा बॅकअप सुरू झाला की काहीशेवर जातो आणि बॅकअप थांबवला की परत खाली येतो. एकदा हे डोळ्याने बघितलं की मग घरात सगळ्यांना सांगणं सोपं जातं.

वायफायबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजारपाजारचे सगळे राउटर असतात, ५ गिगाहर्ट्झ भिंतींना लवकर दमतो पण तिथे गर्दी कमी. राउटर ज्या खोलीत आहे तिथेच बसणार असाल तर ५ वर जोडा. महत्त्वाचा इंटरव्ह्यू वगैरे असेल तर लॅपटॉपला सरळ केबल लावा, त्याला तोड नाही.

आता फोन. माझ्या मावशीचा आवाज मधे एकदम दबका यायला लागला होता, लांबून कोणीतरी बोलतंय असा. नेट ठीक, चित्र स्वच्छ, फक्त आवाज दबका.

"मावशी, फोनचं कव्हर काढ बघू जरा."

"कव्हराचा काय संबंध गं?"

"काढ तर."

कव्हर काढलं आणि पुढचं वाक्य खणखणीत. नवीन कव्हरचं भोक फोनच्या माइकच्या भोकावर बसतच नव्हतं, आणि वर फोन धरताना तिची करंगळी नेमकी तिथेच यायची. चार्जिंगच्या खाचेशेजारी जे बारीक भोक असतं ना, तो माइक. पण तो एकटा नसतो, बऱ्याच फोनना वर कॅमेऱ्यापाशीही एक असतो आणि व्हिडिओ कॉलला कधी तो वापरला जातो. त्यामुळे तपासताना एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करा आणि एक सेल्फी व्हिडिओ, आणि दोन्ही ऐका, कुठला माइक दबलाय ते लगेच कळतं. भोकात धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने हलकेच साफ करा, पिन घालू नका, पडदा फाटला तर माइकच गेला.

ब्लूटूथ इअरफोनची एक तक्रार कायम असते, गाणी झकास वाजतात पण कॉल लागला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा. तुमचा इअरफोन खराब झालेला नाहीये. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणं ऐकताना वेगळं प्रोफाइल, म्हणजे आवाज पाठवायची वेगळी पद्धत असते, तिथे आवाज फक्त एकाच दिशेने जातो. माइक चालू झाला की दोन्ही दिशांचं काम करणारं जुनं प्रोफाइल सुरू होतं आणि त्यात क्वालिटी टेलिफोनच्या पातळीला उतरते. लॅपटॉपवर ह्याला साधा उपाय आहे, ॲपच्या ऑडिओ सेटिंगमधे स्पीकर म्हणून इअरफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा. बहुतेक वेळा आवाज तिथल्या तिथे सुधारतो. वायरवाला इअरफोन असेल तर हा प्रश्नच येत नाही, मला स्वतःला महत्त्वाच्या कॉलला तोच आवडतो.

कॅमेरा काळा दिसतोय किंवा माइक अजिबातच चालत नाहीये, तेव्हा बहुतेक कुठेतरी परवानगी अडलेली असते आणि त्रास हा की ती एकाच जागी नसते. अँड्रॉइड १२ पासून वरून ओढायच्या पॅनेलमधे कॅमेरा आणि माइक पूर्ण फोनसाठी बंद करायची बटणं आली, चुकून बोट लागलं की सगळ्या ॲपमधे एकदम कॅमेरा जातो आणि माणूस ॲप काढून परत टाकत बसतो. आयफोनमधे सेटिंगमधे त्या ॲपच्या नावाखाली बघायचं. स्क्रीनच्या वर हिरवा ठिपका दिसतोय का तेही बघा (आयफोनमधे नुसता माइक चालू असेल तर केशरी), ठिपका आहे म्हणजे फोन त्याचं काम करतोय आणि पुढे शोधायला हवं. विंडोजमधे प्रायव्हसीच्या पानावर कॅमेऱ्याची परवानगी असतेच पण त्याच पानावर खाली डेस्कटॉप ॲपसाठी वेगळं बटण आहे, ते राहून जातं. मॅकवर परवानगी दिल्यावर ॲप पूर्ण बंद करून परत उघडावं लागतं, स्क्रीन शेअर करताना तर हे हमखास. ब्राउजरमधे ॲड्रेसच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक केलं की त्या साइटला कॅमेरा ब्लॉक केलाय का ते दिसतं. आणि हे सगळं बघायच्या आधी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची ती छोटी सरकती पट्टी बघा, आणि दुसरं कुठलं मीटिंग ॲप मागे कॅमेरा धरून बसलंय का तेही.

विंडोजमधलं अजून एक, कॉल लागला की बाकी सगळे आवाज आपोआप बारीक होतात. जुन्या साउंड सेटिंगच्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, तिथे इतर आवाज ८० टक्के कमी करा असं आधीपासूनच निवडलेलं असतं. "काही करू नका" निवडलं की झालं.

कॉल वीस-पंचवीस मिनिटं छान चालतो आणि मग चित्र अडकायला लागतं, असं असेल तर फोन हातात घेऊन बघा, तापलेला असणार. कॅमेरा, स्क्रीन, नेट सगळं एकदम चालू आणि वर चार्जिंग, मग फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसर हळू करतो. चार्जर काढा, जाड कव्हर काढा, उन्हातून हलवा, आणि मागचा बॅकग्राउंड ब्लर बंद करा कारण प्रत्येक फ्रेममधे माणूस कुठे संपतो ते शोधायला बरीच ताकद जाते. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तोही. व्हॉट्सॲपमधे स्टोरेज अँड डेटाच्या पानावर कॉलला कमी डेटा वापरायचं बटण आहे, ते कधीतरी चालू करून ठेवलेलं असतं आणि मग चित्र कायम धूसर येतं.

गाणं किंवा वाद्य ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी खास, लांबवलेला सूर मधेच गायब होत असेल तर नेटला दोष देऊ नका. ॲपमधलं नॉइज सप्रेशन बोलण्याव्यतिरिक्त सगळं पंख्याच्या घरघरीसारखं समजून कापतं, एकसारखा लागलेला सूरसुद्धा. झूममधे ओरिजिनल साउंड नावाचा पर्याय आहे तो शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने दोघांनीही चालू करायचा आणि इअरफोन लावायचे. एवढं केलं की सूर पूर्ण ऐकू येतो, ज्यांनी महिनोन्महिने अर्धवट ऐकून शिकवलंय त्यांना हे कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं.

आणि नेट खरंच रडत असेल, तर कॉल कट करू नका, आधी दोघांनी व्हिडिओ बंद करा. चित्राला लागणारी जागा मोकळी झाली की आवाज बहुतेक सावरतो. आजी-आजोबा असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की चेहरा गेला म्हणजे फोन कट झाला नाही, बोलत रहा, नाहीतर ते लाल बटण दाबतात.

तुमचा प्रॉब्लेम ह्यात बसत नसेल तर खाली लिहा, मी नक्की उत्तर देईन. फक्त "कॉल नीट होत नाही" एवढंच लिहू नका. फोन आहे का लॅपटॉप, कुठलं ॲप, तुम्हाला ऐकू येत नाही का तुमचं ऐकू जात नाही, पहिल्या मिनिटापासून का थोड्या वेळाने, आणि मोबाइल डेटावर पण तसंच होतं का, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ झालं.