खिडक्या नसलेलं पाच मजली थीम पार्क

अमेरिकेत ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डला जाणारे बहुतेक जण किल्ला आणि आतषबाजी बघून परततात. मला डिस्नीक्वेस्ट बघायचं होतं. जून १९९८ मध्ये उघडलेलं हे इनडोअर थीम पार्क बंद होणार असं जाहीर झालं होतं. म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यात टाम्पाला दादाकडे गेले, तेव्हा बाकी सगळं मागे ठेवून आधी इथे आलो.

बाहेरून ती इमारत म्हणजे पाच मजली निळा ठोकळा, एकही खिडकी नाही. लिफ्टमध्ये जीनी स्वागत करतो आणि दार थेट तिसऱ्या मजल्यावर उघडतं.

सुरुवात केली ती अलादीनच्या उडत्या गालिच्यापासून. मोटारसायकलसारख्या सीटवर बसायचं, डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारं जड हेल्मेट डोक्यावर चढवायचं आणि अग्राबा या अलादीनच्या शहरातून उडत सुटायचं. याचा पहिला अवतार नव्वदीच्या दशकात एप्कॉट या डिस्नीच्याच दुसऱ्या पार्कमध्ये १४ महिने चालला होता. ४५,००० हून जास्त लोकांना बसवून त्यांचं वागणं टिपलं गेलं. त्या अभ्यासात रँडी पॉश हे संगणकशास्त्राचे प्राध्यापकही होते. लोक मान फारशी वळवतच नाहीत, हे त्यातून कळलं. चारही बाजूंना जग उभं केलं, तरी कुठे बघायचं ते कुणीतरी सुचवावं लागतं. हे वाचून गेले होते, त्यामुळे मुद्दाम मागे वळून बघत होते. चित्र आजच्या मानाने ठोकळेबाज, पण मान वळली की शहरही वळायचं. एवढ्या जुन्या तंत्रात ते जमवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटलं.

सायबरस्पेस माउंटनमध्ये रोलर कोस्टरचा रूळ आपणच आखायचा आणि मग दोघांनी कॅप्सूलमध्ये बसायचं. ती कॅप्सूल खरोखर उलटी होते! हेल्मेटच्या खेळांत डोळे पळतात आणि शरीर जागेवरच राहतं. त्या विसंगतीने अनेकांना गरगरतं. इथे पडद्यावर वळण आलं की पाठीलाही कळतं. भाच्याने एकामागोमाग एक कोलांट्या जोडल्या होत्या. "आत्या, अजून एक टाकू?" म्हणाला. टाक म्हटलं.

तरी खरी मजा आली ती समुद्री चाच्यांच्या जहाजावर. हा खेळ २००० साली इथे आला. डेक पायाखाली हलतो, डोळ्यांवर थ्रीडी चष्मा, भोवती मोठे पडदे. एकाने सुकाणू धरायचं, बाकीच्यांनी तोफा डागायच्या. वहिनीने सुकाणू घेतलं. "डावीकडे, वहिनी, डावीकडे!" असं मी ओरडतेय, भाचा एका तोफेवरून दुसऱ्या तोफेकडे धावतोय. हेल्मेट नसल्याने एकमेकांचे चेहरे दिसत होते. माझ्या मते आभासी जगाची खरी किल्ली तिथेच होती. गालिच्यावर आम्ही सगळे शेजारी बसूनही आपापले एकटे होतो. जहाजावर चौघांचं मिळून एकच संकट होतं. हवेच्या पिशव्यांवर डुलणाऱ्या तराफ्यातली जंगल सफरही याच जातीची. वल्ही खरी, नदी पडद्यावरची, आणि सगळ्यांनी एका तालात वल्हवलं नाही तर तराफा भरकटतो.

जुलै २०१७ मध्ये डिस्नीक्वेस्ट बंद झालं. त्या जागी बास्केटबॉलचं एनबीए एक्स्पिरियन्स आलं. तेही टिकलं नाही. आता त्या हेल्मेटपेक्षा हलके हेडसेट घरी वापरायला मिळतात, चित्रही कितीतरी स्वच्छ असतं. पण चौघांनी मिळून हलत्या डेकवर तोल सांभाळायचा तो खेळ मला पुन्हा खेळायचाय, आणि कुणी तो पुन्हा उभारला तर भाच्याला घेऊन मी पहिल्या रांगेत असेन.